आधी बंदूक, मग दुर्बीण, मग कॅमेरा

गेले तीन-चार वीकांत मी एकच उद्योग केला. दुर्बीण घ्यावी की कॅमेरा, ह्याचा अभ्यास. सुरुवात एका साध्या एक्सेल शीटने झाली. डावीकडे दुर्बिणी, उजवीकडे मिररलेस कॅमेरे आणि लेन्सेस, खाली बेरीज. बेरीज बजेटच्या बाहेर गेली की एक ओळ खोडायची. असं करता करता शीटमध्ये खोडलेल्या ओळीच जास्त झाल्या आणि बायको म्हणाली, "एवढ्या वेळात पक्षी स्थलांतर करून परत आले असते."

आमच्या धंद्यात एक सवय लागते. जुन्या कोडमध्ये एखादा विचित्र आकडा दिसला की तो बदलण्याआधी कुणी आणि का लिहिला ते शोधायचं. बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. दुर्बिणीवर ८×४२ असं का लिहिलेलं असतं? ९×४७ का नाही? कॅमेऱ्यात आरसा मुळात का होता आणि तो काढायला इतकी वर्षं का लागली? हे शोधायला गेलो आणि खरेदी राहिली बाजूला, इतिहासातच अडकलो. म्हणून हा लेख.

पण आधी ही खरेदी कुणासाठी ते सांगायला हवं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९८६ च्या जानेवारीत सायकलवरून शाळेत जाताना त्यांना भर सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके नव्हते म्हणे, आणि शेपटी सारखी डावी-उजवीकडे हलवत होतं. आप्पांनी वहीत तारीख टाकून चार ओळी लिहून ठेवल्या. पुढे रानपिंगळा त्याच तालुक्यात पुन्हा सापडल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा आप्पांनी कात्रण कापून त्याच वहीत चिकटवलं आणि दारात येईल त्याला सांगायला लागले, "हा मी अकरा वर्षं आधी पाहिलाय." लोक हसायचे. "गुरुजी, पिंगळा तर आमच्या गोठ्यावर रोज बसतो!"

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा मलाही त्यांनी वही दाखवली. मी विचारलं, "पुरावा काय?"

आप्पांनी वही मिटली. त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर म्हणाले, "सगळं धुतल्यासारखं दिसतंय रे. एकदा सातपुड्यात जाऊन यावं म्हणतो." आप्पा आता ७१ वर्षांचे आहेत. तर मंडळी, खरेदी ह्यासाठी.

पुरावा म्हणजे मेलेला पक्षी

"पुरावा काय?" हा प्रश्न माझा नव्हता हे मला आत्ता कळलं. पक्षीशास्त्राचा तो सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचं उत्तर एकच होतं: बंदूक. पक्षी मारायचा, कातडं सोलून कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि मारणाऱ्याचं नाव. एलियट कूज ह्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाने १८७४ साली नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात साहित्याच्या यादीत पहिला मान दुनळी बंदुकीला होता.

ती माणसं काही क्रूर नव्हती (काही असतीलही). पण साध्या डोळ्यांना ५० मीटरवरची चिमणीएवढी गोष्ट म्हणजे एक तपकिरी ठिपका. पंखावर पट्टे किती, चोचीचा रंग कोणता, हे पाहायला पक्षी हातातच हवा, आणि जिवंत पक्षी हातात येत नाही.

आपल्याकडे ॲलन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण त्यांना ओळखतो. ज्या १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षी ह्यूमनी आपला पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. अंडी धरून सुमारे ८२ हजार नमुने! सलीम अलींची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात असते. १९०८ च्या सुमारास मुंबईत एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती ओळखायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला आणि पुढचं सगळं घडलं. शाळेत ह्या गोष्टीकडे मी 'जिज्ञासा' म्हणून पाहिलं होतं. आता वाचताना लक्षात आलं की चिमणी मेली म्हणून तर प्रश्न विचारता आला.

हाच मुलगा पुढे १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर बसून राहिला. कोणता नर किती घरटी बांधतो, मादी कधी पसंत करते, हे त्यांनी नुसतं बघून नोंदवलं. हे ज्ञान बंदुकीने मिळणारच नव्हतं. मेलेली सुगरण घरटं बांधत नाही.

८×४२ कुठून आलं

आता दुर्बीण. ऑक्टोबर १६०८ मध्ये हॉलंडमध्ये चष्मे बनवणाऱ्या हान्स लिपरशेने सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारने लगेच नवीन रिक्वायरमेंट टाकली: दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं करून दे. बिचाऱ्याने डिसेंबरपर्यंत करून दिलंही. पेटंट मात्र मिळालं नाही, कारण तोवर ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचं उघड झालं होतं. (क्लायंट तेव्हाही असेच होते. :-))

ह्या पहिल्या प्रकारच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र असतं. चित्र सुलट दिसतं, नळी आखूड राहते, पण मोठेपणा वाढवला की दिसणारा भाग किल्लीच्या भोकाएवढा होतो. म्हणून नाटकाला नेायच्या छोट्या 'ऑपेरा ग्लास' दोन-तीन पटींवरच थांबल्या. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगं बहिर्वक्र घ्यायची कल्पना मांडली. त्यात दृश्य ऐसपैस दिसतं, पण उलटं. आकाशातल्या ग्रहाला उलट-सुलट नसतं, चालतं. झाडावरच्या पक्ष्याला चालत नाही. चित्र सुलट करायला मध्ये आणखी भिंगं घातली की नळी लांबलचक होते. चित्रांतल्या आरमारी कप्तानांच्या हातात दिसते ना, ती.

ह्यावर उपाय काढला इग्नात्सिओ पोरो ह्या इटालियन माणसाने. १८५४ मध्ये त्याने काचेच्या प्रिझमची अशी जोडी पेटंट केली की प्रकाश चार वेळा आतल्या आत वळतो, चित्र सुलट होतं आणि लांब नळी घडी घातल्यासारखी आखूड होते. सुंदर कल्पना, पण चालेना. कारण काच. प्रिझममध्ये प्रकाशाला जाड काचेतून जावं लागतं आणि त्या काळच्या काचेत रेघा, बुडबुडे आणि छटा असायच्या. म्हणजे अल्गोरिदम बरोबर, हार्डवेअर तयार नाही.

हार्डवेअर तयार झालं जर्मनीत, येना गावात. कार्ल झाइसच्या कारखान्यातला शास्त्रज्ञ एर्न्स्ट अबे ह्यालाही स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली होती. १८८४ मध्ये ऑटो शॉटने तिथे काचेची प्रयोगशाळा उभी केली आणि हवी तशी निर्मळ काच मिळू लागली. १८९३ मध्ये अबे पेटंट घ्यायला गेला तेव्हा कळलं की पोरो चाळीस वर्षं आधीच येऊन गेलाय! शेवटी पेटंट मिळालं ते वेगळ्याच मुद्द्यावर: पुढची दोन भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त लांब ठेवली तर खोली अधिक चांगली कळते. १८९४ मध्ये ४, ६ आणि ८ पट मोठेपणाच्या दुर्बिणी विक्रीला आल्या. ती मध्ये फुगीर, खांदे असलेली दुर्बीण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, तिचा जन्म हा.

ही वस्तू पुढे युद्धाने वाढवली. पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाली आणि अमेरिकन नौदलाला लोकांच्या घरातल्या दुर्बिणी उसन्या मागायची वेळ आली. मोहिमेचं नाव 'आइज फॉर द नेव्ही'. फुकट घ्यायला कायद्याची आडकाठी म्हणून प्रत्येकाला एक डॉलर दिला जाई. मोहिमेच्या मागे होता नौदलाचा तरुण सहायक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट.

आरमाराची आवडती दुर्बीण ७×५०, आणि इथे आकड्यांचं रहस्य उलगडतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५० भागिले ७ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. तरुण खलाशाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. म्हणजे हा आकडा २० वर्षांच्या मुलाच्या रात्रीच्या डोळ्यासाठी काढलेला आहे. सत्तरीच्या माणसाची बाहुली अंधारात चार-पाच मिलिमीटरच उघडते, उरलेला प्रकाश बाहेर सांडतो आणि आपण भिंगाचं वजन उगाच गळ्यात वागवतो. ८×४२ मध्ये झोत सव्वापाच मिलिमीटरचा. पहाटे-संध्याकाळी पुरेसा, गळ्याला सोसणारा, आणि आठ पटीत हाताची थरथरही फार जाणवत नाही. दहा पटीत पक्षी मोठा दिसतो खरा, पण थरथरही दहा पट होते आणि दृश्य अरुंद होतं. म्हाताऱ्या हातांना आठच बरं. शीटमधल्या १०×४२ च्या सगळ्या ओळी मी इथे खोडल्या.

पुढचा शोध मला सर्वांत आवडला, कारण त्यात गणित आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर ०.९५ चा दहावा घात, म्हणजे साठ टक्के. चाळीस टक्के प्रकाश वाटेतच गेला! १९३५ मध्ये झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी केलं. जर्मन सैन्याने ते गुपित ठेवलं. आजच्या बहुथरी लेपांत प्रत्येक पृष्ठभागावर अर्धा टक्का जातो असं धरलं तर तोच हिशेब ९५ टक्क्यांवर येतो. पहाटेच्या धूसर उजेडात पक्षी तपकिरी आहे की करडा, हे ह्या पस्तीस टक्क्यांवर ठरतं.

शेवटचा टप्पा म्हणजे सरळ नळ्यांच्या, 'रूफ' प्रिझमच्या दुर्बिणी. आटोपशीर, पण त्यात प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा जुळताना किंचित बिघडतात आणि बारीक तपशील पुसट होतो. झाइसने १९८८ मध्ये फेज करेक्शनचा लेप आणला तेव्हा कुठे तो दोष गेला. म्हणून आज स्वस्त रूफ दुर्बीण घेताना 'फेज कोटेड' हे दोन शब्द शोधायचे. नसतील तर त्याच पैशात जुन्या पद्धतीची पोरो बरी. दीडशे वर्षांपूर्वीचं डिझाइन अजून मार खात नाही.

बघणं पुरेसं आहे का?

१८८९ मध्ये, म्हणजे अबेची दुर्बीण बाजारात यायच्या पाच वर्षं आधी, फ्लोरेन्स मेरियम नावाच्या २६ वर्षांच्या अमेरिकन मुलीने 'बर्ड्स थ्रू ॲन ऑपेरा-ग्लास' नावाचं पुस्तक लिहिलं. बायकांच्या टोप्यांवर पिसं आणि अख्खे पक्षी लावायची फॅशन होती तो हा काळ. मेरियम त्याविरुद्ध कॉलेजपासून भांडत होती. नाटकातली ती दोन-तीन पटींची खेळण्यासारखी वस्तू तिने अंगणात आणली आणि सांगितलं, मारू नका, बघा.

पण नुसतं बघितलेलं मानायचं कसं? ह्याचं व्यवहारी उत्तर आलं १९३४ मध्ये. रॉजर टोरी पीटरसनच्या पुस्तकाने पक्ष्यांची अशी चित्रं दिली की लांबून ओळखायची नेमकी खूण कोणती तेवढंच दाखवायचं. पहिल्या आवृत्तीच्या २००० प्रती हातोहात संपल्या. भारतात १९४१ मध्ये सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या सामान्य माणसाला आधार मिळाला. दुर्बीण आणि पुस्तक, दोन्ही मिळून बंदुकीची जागा भरून निघाली.

तरी शंका उरतेच. दुर्बिणीतून दिसलेलं एकट्याचं असतं. त्याची प्रत निघत नाही. कातडं मात्र कपाटात राहतं, शंभर वर्षांनी कुणीही येऊन पडताळू शकतं. असं मला वाटत होतं. मग मी रानपिंगळ्याची पूर्ण गोष्ट वाचली.

खोटी चिठ्ठी

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला. ह्यूमनीच १८७३ मध्ये त्याचं वर्णन करून ब्लेविट ह्या नमुना मिळवणाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या भागात, काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच. मग काही नाही. फक्त एक अपवाद: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्यांचा नमुना. चिठ्ठीवर ठिकाण गुजरातेतलं मांडवी, साल १९१४.

अमेरिकेच्या स्मिथसोनियनमधल्या पामेला रासमुसेन ह्यांनी हे कर्नलचं कातडं तपासलं. एक्स-रे काढले, भरण्याची पद्धत पाहिली. ते कातडं कर्नलचं नव्हतंच. डेव्हिडसनने १८८४ मध्ये जमवलेला नमुना म्युझियममधून चोरून, उसवून, पुन्हा भरून, वर नवी चिठ्ठी बांधलेली होती. नाइजेल कॉलर ह्यांच्यासोबत त्यांनी हे १९९९ मध्ये सविस्तर छापलं. म्हणजे कपाटातला पक्का पुरावा धादांत खोटा होता!

मांडवी बाद झाल्यावर उरली जुनी खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून रिकाम्या हाताने शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी किंगना निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी फोटो काढले, व्हिडिओ घेतला. पक्षी मारला नाही. जगाने मान्य केलं. पुढे तोरणमाळ, मेळघाट, यावल अशा ठिकाणी तो सापडत गेला आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळ तानसाच्या जंगलात.

मला ह्या गोष्टीत एक क्रम दिसतो. आधी डोळ्यांनी पाहिलं आणि ओळखलं, मग कॅमेरा चालवला. कॅमेऱ्याने पक्षी शोधला नाही.

आरसा कसा गेला

आता शीटची उजवी बाजू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे तिरका आरसा असायचा. प्रकाश आरशावरून वर, वरच्या प्रिझममधून डोळ्यात. तो प्रिझमही दुर्बिणीच्याच घराण्यातला. फोटो काढताना आरसा वर उडायचा आणि नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफर आंधळा व्हायचा. सुरुवातीला तर पुढची फिल्म ओढेपर्यंत काळोखच. १९५४ च्या असाहिफ्लेक्सने आरसा लगेच खाली आणायची सोय दिली आणि १९५९ च्या निकॉन एफनंतर हीच पद्धत रूढ झाली. फिल्ममध्ये 'आत्ता काय दिसतंय' हे सांगायची सोय नसते, म्हणून आरसा लागायचाच. डिजिटल सेन्सर ते सांगू शकतो. म्हणजे २००० नंतर आरसा हा निव्वळ लेगसी कोड होता.

२००८ हे वर्ष मजेशीर आहे. निकॉन डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर त्याच वर्षी आला, आणि व्हिडिओ घेताना आरसा वरच धरून ठेवावा लागतो. मग तो ठेवायचाच कशाला? त्याच वर्षी पॅनासॉनिक जी१ आला, आरसा काढून टाकलेला आणि लेन्स बदलता येणारा. सुरुवातीला व्ह्यूफाइंडरचं चित्र अडखळायचं, उडत्या पक्ष्यामागे धावताना चित्र मागे पडायचं. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराचा सेन्सर आणला, २०१७ च्या ए९ ने सेकंदाला २० फोटो काढतानाही दृश्य काळं होऊ दिलं नाही. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही पूर्ण आकाराचा सेन्सर घेऊन ह्या वाटेने आले. आता कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात. काहींत तर बटण दाबण्याआधीचे क्षणही मिळतात. आमच्या भाषेत साधा रिंग बफर, पण खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा जादू वाटते. शिवाय शटरचा आवाज बंद करता येतो.

निसर्गाच्या व्हिडिओसाठी मी काढलेला सारांश असा. पूर्ण सेन्सरवर ५० मिमी लेन्स म्हणजे साधारण एक पट धरलं तर दुर्बिणीचे आठ पट म्हणजे ४०० मिमी. छोट्या सेन्सरवर तोच कोन २०० किंवा २७० मिमीत मिळतो, म्हणून वजन आणि पैसे दोन्ही वाचतात. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० च्या आसपास ठेवायचं, आणि आपल्या उन्हात त्यासाठी लेन्सवर काळपट एनडी फिल्टर लागतो. सेन्सर ओळी-ओळींनी वाचला जातो, तो संथ असेल तर आवाजाविना काढलेल्या फोटोत फडफडते पंख वाकडे येतात. बॅटऱ्या जास्तीच्या ठेवायच्या, कारण व्ह्यूफाइंडर हा चोवीस तास चालू टीव्ही आहे. आणि फांद्यांच्या गर्दीत ऑटोफोकस पुढची काडी पकडतो. हे शेवटचं मी वाचलं होतं, पण अनुभवलं नव्हतं.

म्हसावदच्या पुढे

शेवटी एक फेज कोटेड ८×४२ घेतली. आप्पांना ऑपरेशननंतरही लांबचा हलका नंबर आहे. म्हणून आयपीसपासून डोळा १६-१७ मिलिमीटर लांब असला तरी पूर्ण दृश्य दिसेल अशी पाहून घेतली. चष्मेवाल्यांनी हा आकडा मोठेपणाच्या आधी बघावा. पूर्वी एकदा मी हौसेने एक स्वस्त दुर्बीण आणली होती. तिच्या दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. पाच मिनिटांत डोकं दुखायचं आणि आप्पांना वाटायचं त्यांचेच डोळे गेले. उरलेल्या पैशांत नवीन कॅमेरा आणि लांब लेन्स बसत नव्हती, आकडा लाखाच्या वर जात होता. म्हणून छोट्या सेन्सरची वापरलेली बॉडी आणि वापरलेली झूम.

डिसेंबरच्या एका शनिवारी आम्ही म्हसावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी होतो. सागाची पानं गळायला लागली होती. घुबडाचा आवाज मोबाइलवर वाजवून बोलावतात काही लोक, ते करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. साडेआठच्या सुमारास आप्पांनी माझा दंड धरला. बोट दाखवलं. शेंड्याजवळ एक छोटं घुबड, उन्हात.

आप्पांनी दुर्बीण लावली. मी कॅमेरा. ऑटोफोकसने पुढची काडी पकडली. मी मॅन्युअलवर गेलो, झूम कमी केला, पुन्हा वाढवला, पक्षी फ्रेममधून गेला, परत सापडला, एनडी फिल्टर जास्त काळा पडला, तो फिरवला. पक्षी उडाला. ११ सेकंदांचा व्हिडिओ मिळाला, त्यातले चार काडीचे.

रात्री शहाद्यात नातेवाइकांकडे टीव्हीला लावून पाहिला. एका फ्रेममध्ये मान खाली आली आणि डोकं दिसलं. पांढरे ठिपके. स्वच्छ. साधा पिंगळा.

मला आप्पांकडे बघवेना. ते शांत होते. म्हणाले, "ठिपके मला तिथंच दिसले होते."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू एवढा मन लावून शूटिंग करत होतास. मध्ये कशाला बोलायचं?"

मग मी ते विचारलं जे १९९८ मध्ये विचारायला हवं होतं. १९८६ मध्ये नक्की काय दिसलं? आप्पांनी पिशवीतून वही काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती, मला माहीत नव्हतं. बराच वेळ त्यांनी सांगितलं: झाड कोणतं, ऊन कुठून, शेपटी कशी हलत होती, पाय कसे पांढरे आणि जाड वाटले. शेवटी म्हणाले, "तेव्हा दुर्बीण नव्हती. आज कळलं की ठिपके किती जवळून दिसावे लागतात. त्यामुळे आता मी तोच होता असं म्हणणार नाही. नव्हता असंही म्हणणार नाही." आणि त्या नोंदीपुढे त्यांनी पेनने एक प्रश्नचिन्ह काढलं.

कर्नलला हे एवढं एक चिन्ह जमलं नाही.

तुम्ही विचाराल, मग दुर्बीण की कॅमेरा? माझं उत्तर: बजेट एकाचंच असेल तर दुर्बीण, ८×४२, आणि बरोबर दहा रुपयांची वही. कॅमेरा नंतर घ्या, आणि पक्षी दिसल्यावर निदान पहिला एक मिनिट तो गळ्यातच राहू द्या. पुरावा मागायचा असेल तर आधी समोरच्याला काय दिसलं ते पूर्ण ऐकून घ्या. मला ते ऐकायला सत्तावीस वर्षं लागली.

असो. मार्चमध्ये पुन्हा जायचं ठरलंय. दुर्बीण आप्पांकडेच आहे, परत द्यायचं नाव काढत नाहीत.